भिंतीकडे तोंड करून

डोंगरातल्या यानापांबा गावच्या चर्चमधल्या मामिताला, म्हणजे माउलीच्या मूर्तीला, वर्षातून चार वेळा नवा साज चढवतात: फेब्रुवारीत तिच्या सणाला, ईस्टरला, ऑगस्टात आणि नाताळाच्या आधी. त्या दिवशी चर्चची दारं आतून लावून घ्यायची, पुरुषांनी बाहेर व्हायचं आणि चार मानकरणींनी मूर्तीची जुनी वस्त्रं उतरवून नवी चढवायची, असा रिवाज. पाद्रीबाबांनाही त्यातून सूट नाही. आजवर एकाच पाद्र्यानं आत थांबायचा हट्ट धरला होता. त्याची बदली किनाऱ्यावरच्या डासांत झाली. ती कुणी करवली हे मानकरणी सांगत नाहीत, पण कुणी विचारलं की खूश होतात.

थोरली मानकरीण देल्फिना येपेस, मानानं हाक मारायची तर दोन्या देल्फिना. चौकातली पावाची भट्टी तिची. भट्टी मावशीकडून आलेली आणि मामिताचा मानही त्याच मावशीकडून आलेला. वय चाळिशीला टेकलेलं, हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, बोलणं बेताचं. एकदा लग्न ठरलं होतं. नवरा मुलगा केळीच्या मळ्यात कामाला म्हणून किनाऱ्याकडे उतरला आणि तिकडच्या उबेतच रमला. देल्फिनानं फार रडारड केली नाही. पहाटे उठून कणीक तिंबायची असते, रडत बसायला सवड कुठली, असं ती म्हणे, आणि ते बरंचसं खरंही होतं.

मामिता म्हणजे बटाट्याच्या पिकाची राखणदार. यानापांबा इतक्या उंचावर आहे की थंडीचा एक कडाका पडला तरी उभं पीक काळं पडतं. म्हणून सणाला तिला शेताशेतातून मिरवतात. तिचा गोरा, शांत, किंचित खाली झुकलेला चेहरा घराघरात तसबिरीत आहे. त्या चेहऱ्याखाली काय आहे ते मात्र गावात फक्त चौघींना ठाऊक असतं. नव्या मानकरणीला ते एकदा दाखवतात, शपथ घालतात, आणि पुन्हा त्याची वाच्यता होत नाही.

त्या चेहऱ्याखाली एक शिपाई आहे.

देल्फिनाला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मावशी मेर्सेदेस म्हणाली होती, "दचकू नकोस. हा आपला देवदूत. मोठ्या भूकंपात छप्पर कोसळलं आणि मामिताचा सांगाडा चेपून त्याचं सरपण झालं. उरलं काय, तर तिचा शिशाचा मुखवटा आणि दोन हात. बाजूच्या वेदीवरचा हा मात्र पंख मोडले तरी उभाच. बाहेर माणसं मेलेली, घरं पडलेली, बटाटा फुलावर आणि आभाळ स्वच्छ. कडाका पडणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. चौघींनी करायचं काय होतं, तूच सांग."

चौघींनी केलं ते असं. देवदूताच्या तोंडावर मामिताचा मुखवटा बसवला. त्याचा तलवार उगारलेला हात खांद्यापासून कापला, तिचे दोन हात अडकवले, वर झगा चढवला. आणि पुरुष ढिगारा उपसत आत शिरले तेव्हा मामिता जागेवर उभी होती. चेपलेला सांगाडा देवदूताचा म्हणून दाखवला. लोक त्यापुढे रडले, मग ते लाकूड जाळून त्यांनी हात शेकले. त्या साली कडाका पडला नाही.

या गोष्टीला पावणेदोनशे वर्षं झाली. देल्फिनाला त्यात फसवणूक वाटत नसे. एक पडली, दुसरा उभा होता, त्यानं तिला सांभाळून घेतलं, एवढंच. तो धिप्पाड, चिलखत घातलेला, एक गुडघा उघडा असलेला शिपाई बाईचा चेहरा घेऊन निमूट उभा असतो याचं तिला कौतुकच होतं. पण राजधानीतल्या लोकांना ते तसं वाटलं नसतं. त्यांनी देवदूत नेला असता आणि मुखवटा खोक्यात घालून परत पाठवला असता. शेजारच्या गावची सांता आनाची मूर्ती त्यांनी साफ करायला म्हणून नेली होती. नऊ वर्षं झाली, अजून साफच करताहेत.

म्हणून जुन्या वस्तूंच्या सरकारी खात्यातून आन्सेल्मो तापिया नावाचा माणूस राजधानीहून, कीतोहून आला, तेव्हा गावानं त्याला जेवू घातलं, पण चर्चच्या दारात आठ-दहा बायका घोंगड्या पांघरून बसून राहिल्या.

आन्सेल्मो मूळचा मूर्तिकार, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. बाप, आजा सगळे संत कोरणारे. पुढे डोळे अधू झाले म्हणून खात्यात लागला आणि गावोगावच्या मूर्ती तपासत हिंडू लागला. पन्नाशीच्या आतबाहेरचा विधुर, उंच, वाकलेला, बोलताना टोपी हातात फिरवणारा. मुखवटा पाहून तो खूश झाला. असे शिशाचे मुखवटे जुन्या काळी साच्यातून काढून मूर्तींना बसवत, हा त्यातला उत्तम नमुना, असं म्हणाला. मग म्हणाला, "आता वस्त्रांखालचं बघायला हवं."

पाद्रीबाबा उरियार्ते मवाळ माणूस. त्यांनी दोन्ही बाजूंना चहा पाजून एक तोड काढली. साज चढवायच्या दिवशी मास्तरांनी आत यावं, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं राहावं, प्रश्न विचारावेत. मानकरणींनी बघून उत्तरं द्यावीत. शपथेचे शब्द असे होते की मामिताचं अंग पुरुषाच्या डोळ्यांना दिसू नये. भिंतीला डोळे दिले की शपथ शाबूत.

"हे काय, शाळेतल्यासारखं?" आन्सेल्मो म्हणाला.

"शाळेत निदान पट्टी तरी मारतात," पास्तोरा म्हणाली. ती दुसरी मानकरीण. विधवा, ठेंगणी, जिभेला हाड नसलेली. बाकीच्या दोघी म्हाताऱ्या. त्या बाहेरच्या खोलीत वस्त्रांना इस्त्री करत बसत.

तर आन्सेल्मो भिंतीपुढे उभा राहिला आणि देल्फिनानं वस्त्रं उतरवली.

"खाली पट्ट्यांचा सांगाडा असेल ना?" त्यानं भिंतीला विचारलं. "कमरेपासून खाली पसरत गेलेल्या लाकडी पट्ट्या? अशा मूर्तींना अंग कोरत नाहीत. जिथं कुणी बघणार नाही तिथं कारागीर कशाला हात दुखवून घेईल?"

देल्फिनासमोर सोनेरी चिलखत चमकत होतं. काय सांगायचं याची तिला दोन दिवस काळजी पडली होती, आणि या माणसानं उत्तर आयतंच हातात ठेवलं.

"हो," ती म्हणाली. "पट्ट्याच आहेत."

"लाकूड कुठलं वाटतं?"

"लाकडासारखं लाकूड."

"कीड लागलीय का? बारीक भोकं, खाली भुकटी?"

सगळंच चांगलं आहे म्हटलं तर संशय येईल असं तिला वाटलं. "थोडीशी आहे," ती म्हणाली.

ही तिची चूक झाली, किंवा झाली नाही. ज्यानं त्यानं ठरवावं. कारण कीड आहे म्हटल्यावर औषध आलं, आणि औषध आल्यावर ते लागू पडलं का हे बघायला पुढच्या साजाला आन्सेल्मो आला. देल्फिनानं ते औषध कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं होतं. खुराडं छान टिकलं. मामिताची कीड मात्र जाऊ नये असं तिला का वाटतंय, हे दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टात तिच्या ध्यानात आलं, आणि ती स्वतःवरच वैतागली.

कारण आन्सेल्मो दर साजाला येऊ लागला होता. आदल्या दिवशीच्या बसनं उतरायचा, भट्टीच्या बाकावर बसायचा, पावाची करपलेली कड आधी खायचा आणि मऊ भाग शेवटाला ठेवायचा. देल्फिना त्याच्यासाठी मक्याची गरम खीर करून ठेवी. तो कीतोहून शेंगदाण्याच्या रंगीत गोळ्या आणी. बोलणं असं फारसं नसे. बाहेर गार वारा, आत भट्टी, दोघं आपापल्या ठिकाणी. दुसऱ्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि मग मात्र दोघांची जीभ सैल व्हायची. एकमेकांची तोंडं दिसत नसली की सोपं जातं.

"या भिंतीवर ओलीचा डाग आहे," तो एकदा म्हणाला. "गेल्या वेळी बदकासारखा होता. आता बिशपसारखा दिसतोय."

"पोट सुटलंय का?"

"सुटलंय."

"मग बिशपच."

त्याची बायको कशानं गेली, ते त्यानं भिंतीला सांगितलं. केळीच्या मळ्यातल्या माणसाबद्दल देल्फिनानं त्याच्या पाठीला सांगितलं. त्याचा कोट डाव्या खांद्यावर उसवला होता. तो तिनं एका ईस्टरला तो उभा असतानाच चार टाके घालून शिवला. पास्तोरा टाचण्या तोंडात धरून ते बघत होती.

"इतक्या वेळा भिंतीकडे बघत उभा राहणारा माणूस एक तर शिक्षा झालेला असतो, नाही तर प्रेमात पडलेला," तो गेल्यावर पास्तोरा म्हणाली.

"कीड बघायला येतो तो."

"कोंबड्यांची?"

देल्फिनानं सुईदोरा डबीत ठेवला. तिला तो आवडत होता, पुरेपूर आवडत होता, आणि दर खेपेला त्याच्या पाठीमागे उभं राहून ती खोटं बोलत होती. या दोन्ही गोष्टी तिनं वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या होत्या. कप्पे फार दिवस वेगळे राहात नाहीत.

तिसऱ्या वर्षीच्या ऑगस्टात, ती चिलखतावरची धूळ पुसत असताना, आन्सेल्मो भिंतीला एक गोष्ट सांगू लागला. मातेओ पिल्याहो नावाचा एक जुना मूर्तिकार होता. डोंगरातल्या आदिवासी घरातला, बहुतेक इकडचाच. त्याची कीर्ती मोठी, पण हातचं काम म्हणावं तर एका मठात तळहाताएवढा तुकडा उरलाय, बाकी सगळं गेलं.

"त्याचा सगळ्यात मोठा देवदूत तुमच्याच गावी होता," तो म्हणाला. "तलवार उगारलेला. भूकंपात चिरडला. वीस वर्षं मी त्या माणसाच्या मागे आहे, दोन्या देल्फिना. दर गावात विचारतो, एखादं बोट तरी, पंखाचं टोक तरी."

"पण काम त्याचंच हे ओळखायचं कशावरून?" तिनं विचारलं. विचारायला नको होतं.

"लाकडावर आधी सोन्याचा वर्ख लावतात. वरून रंग. रंग ओला आहे तोवर सुईनं कोरायचं, म्हणजे खालचं सोनं नक्षी होऊन दिसतं. सगळे कारागीर गुलाब कोरत, डाळिंबं कोरत. स्पेनहून आलेल्या कापडांवर तेच असे ना. हा गडी बटाट्याची फुलं कोरायचा. पाच पाकळ्या, मधे सुईचा ठिपका. देवदूताच्या छातीवर बटाट्याची फुलं. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. राजे लोक बटाट्याचं फूल कधी बघतात?"

देल्फिनाचा हात फडक्यासकट चिलखतावर होता. बोटांखाली फुलं होती, खांद्यापासून कमरेपर्यंत. ती लहानपणापासून अशीच फुलं शेतात बघत आली होती, म्हणूनच त्यांत विशेष काही आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. समोर, चार पावलांवर, वीस वर्षं शोधणारा माणूस भिंतीवरच्या डागाकडे बघत उभा होता. त्यानं मान वळवली असती तर काम झालं असतं. त्यानं ती तीन वर्षांत एकदाही वळवली नव्हती.

"काय झालं?" तो म्हणाला. "गप्प का?"

"धूळ गेली डोळ्यांत."

पास्तोरानं तिच्याकडे बघितलं आणि झगा पुढे केला.

पाचव्या वर्षी ईस्टरच्या आदल्या दुपारी आन्सेल्मो भट्टीत आला तो वेगळाच दिसत होता. दाढी गुळगुळीत, कोट नवा. करपलेली कडही त्यानं बाजूला सारली.

"सापडला," तो म्हणाला.

"कोण?"

"पिल्याहोचा देवदूत. कीतोतल्या एका बड्या घरी माळ्यावर होता. तलवार उगारलेला, पंखांसकट. मोठं संग्रहालय विकत घेतंय. माझ्या सहीवर अडलंय सगळं. परतलो की सही करणार."

देल्फिनानं परातीतलं पीठ उगाच एकदा उलटलं. "फुलं आहेत?"

"छातीवरचा रंग कुणीतरी घासून काढलाय. काही दिसत नाही." त्यानं टोपी बाकावर ठेवली. "पण उंची बरोबर आहे, ढब बरोबर आहे. भूकंपात चिरडला हे लोकांनी सांगितलेलं. कुणी सांगावं, विकलाही असेल. खरं सांगू? मला तो तोच असायला हवाय. आता आणखी किती हिंडू? गुडघे कुरकुरतात."

"तुमच्या मनात जराही शंका नाही?"

"मनाला मी म्हटलंय, तू गप्प बस."

तो निघून गेल्यावर देल्फिना पीठ झाकून पास्तोराकडे गेली. पास्तोरा अंगणात मक्याचे दाणे सोलत होती. देल्फिनानं सगळं सांगितलं.

"करू दे की सही," पास्तोरा म्हणाली. "नाव होईल त्याचं. देवदूत सापडला म्हणजे इथं कुणी शोधायलाही येणार नाही. मामितानंच केलंय हे."

"खोट्या मूर्तीवर सही करील तो."

"आपण इथं पिढ्यानपिढ्या काय करतोय?"

"आपण कडाक्यासाठी केलं. तो माझ्यामुळे करील. उद्या कुणीतरी ते उघडं पाडलं की वीस वर्षांवर पाणी. खरा माझ्या हातांखाली आहे हे ठाऊक असून मी त्याला जाऊ देऊ?"

पास्तोरानं कणीस खाली ठेवलं. "मग सांग. सांगितलंस की तो खात्याला कळवील. त्याची भाकरीच ती आहे. मामिता जाईल. गाव तुला भट्टीसकट हाकलेल, आणि मीही त्यांच्यात असेन, आधीच सांगून ठेवते. आणि समज, नाही कळवलं त्यानं. तरी त्याला हवं ते मिळालं ना. मग तो पुन्हा इथं कशाला येईल? तुझी खीर खायला?"

हा शेवटचा घाव बसला. मामिता जाण्याची भीती देल्फिनाला होतीच. पण ही दुसरी भीती तिला जास्त होती, आणि याची तिला लाज वाटली. पाच वर्षं तो माणूस एका प्रश्नाच्या मागे येत होता. उत्तर दिलं की बस रिकामी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आन्सेल्मो सवयीनं कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. देल्फिनानं टाचण्या काढल्या, झगा उतरवला, आतला पांढरा सदरा उतरवला. आज त्याला विचारायचं असं काही नव्हतं. तो नुसता निरोप घ्यायला आल्यासारखा उभा होता.

"कीड कशी आहे?" तरी त्यानं विचारलं.

"मास्तर, हात मागे करा."

"काय?"

"उजवा हात. वळायचं नाही. नुसता हात मागे करा आणि चार पावलं मागे या."

पास्तोराच्या हातातली टाचण्यांची वाटी तशीच राहिली. ती देल्फिनाकडे बघत राहिली, मग त्या उघड्या शिपायाकडे. आणि मग स्वतःच फिरून दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "मी काही बघितलं नाही," ती भिंतीला म्हणाली.

आन्सेल्मो मागे मागे आला. देल्फिनानं त्याचा हात धरला. पाच वर्षांत पहिल्यांदाच. हात गार होता आणि अंगठ्याला छिन्नीचा जुना घट्टा होता. शपथ डोळ्यांची होती. हातांचं त्या जुन्या बायकांना सुचलं नव्हतं. तिनं त्याची बोटं चिलखतावर, अगदी छातीच्या मधोमध, टेकवली.

बोटं आधी काही न समजता तशीच राहिली. मग हलली. मूर्तिकाराची बोटं होती ती, डोळे अधू झाल्यावर जास्तच शहाणी झालेली. एक पाकळी, दुसरी, पाचही, मधला ठिपका. शेजारचं फूल. खाली कमरेपर्यंत सगळीच फुलं. हात खांद्यावर गेला, कापलेल्या जागी थांबला, तो न वळता बाजूला सरकला तसा मूर्तीच्या पाठीवर गेला आणि पंखांची बुजवलेली भोकं त्याला सापडली. देल्फिना त्याची पाठ बघत होती.

त्यानं मान वळवली नाही.

बऱ्याच वेळानं हात परत गेला आणि खिशात शिरला. तो पुढे चालत कोपऱ्यात गेला, भिंतीवर कागद टेकवला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, "सांगाडा. पट्ट्यांचा. साधं लाकूड, साधं काम. कीड गेलेली आहे." "पुन्हा तपासणीची गरज नाही."

"खीर केलीय," देल्फिना म्हणाली.

"बसची वेळ झाली."

तो बाजूच्या दारानं गेला. पास्तोरा भिंतीकडून वळली, नाक पुसलं आणि झग्याची बाही पुढे धरली. दोघींनी मामिताला सजवलं.

ऑगस्टात आन्सेल्मो आला नाही. देल्फिनानं आदल्या दिवशी खीर केली आणि संध्याकाळी ती पास्तोराला दिली. पास्तोरानं टोमणा मारला नाही, यावरून देल्फिनाला आपली अवस्था कळली. भिंतीजवळचा कोपरा रिकामा होता. साज लवकर आटपला.

पुढे एका सकाळी पाव घ्यायला आलेल्या पाद्रीबाबांनी पेपरातली बातमी सांगितली. संग्रहालयानं देवदूत घेतला होता, मोठा समारंभ झाला होता. सही दुसऱ्याच तज्ज्ञाची होती. तापियांनी ऐन वेळी नकार दिला, हा पिल्याहोचा नाही एवढंच म्हणाले, कशावरून ते सांगेनात. कुणी म्हणे प्रतिस्पर्ध्यांनी त्यांना विकत घेतलं, कुणी म्हणे म्हातारपण. खात्यातून त्यांना काढलं.

"भला माणूस होता," पाद्रीबाबा म्हणाले. "काय बिनसलं कोण जाणे. चार गोल पाव दे, आणि एक गोड."

देल्फिनानं पाव बांधून दिले. मग आत जाऊन भट्टीपुढच्या ओट्यावर बसली आणि रडली, सवड नसताना. त्याचं नाव वाचवायला म्हणून तिनं त्याचा हात धरला होता. नाव गेलंच. सही केली असती तर निदान मिरवता तरी आलं असतं, आणि आता तिच्या गुपिताखातर तो माणूस कीतोत तोंड मिटून बसला होता. आपण त्याला काय दिलं, हे तिला कळेना. नाताळाच्या आधीच्या साजालाही तो आला नाही. त्यानं का यावं, असं तिनं स्वतःला विचारलं.

जानेवारीतल्या एका साध्या मंगळवारी, ज्या दिवशी कुठला सण नव्हता, बाजार नव्हता, चर्चलाही कुलूप होतं, आन्सेल्मो तापिया बसमधून उतरला आणि भट्टीच्या दारात येऊन उभा राहिला. अंगात जुनाच कोट, खांद्यावर तिचे टाके. हातात कागद नव्हता.

देल्फिना पीठ मळत होती. ते मळायचं तिनं थांबवलं नाही.

"साज फेब्रुवारीत आहे," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"देवदूत बघितलात? तो दुसरा?"

"गेलो होतो. खाली पिल्याहोची पाटी लावलीय. शाळेची पोरं आली होती. एक मुलगी मला विचारते, आजोबा, हा खरंच त्यानं केलाय का? मी म्हटलं, बाळ, पाटीवर तसं लिहिलंय."

"तुम्ही सांगायचं होतंत त्यांना. मी तुमच्या हातात दिलं होतं. वाटलं तर सांगा, म्हणूनच दिलं होतं."

"सांगितलं असतं तर मामिता गेली असती."

"ती तुमची नव्हे."

"तुमची आहे ना," तो म्हणाला. "पाच वर्षं तुम्ही मला एकच खोटं किती परीनं सांगितलंत. कधी पट्ट्या सहा, कधी आठ. मला वाटायचं, बाईला मोजता येत नाही. बसमध्ये बसल्यावर कळलं, की हिला हे किती जड गेलं असेल. आणि तरी दिलंत."

देल्फिनाचे हात पिठात थांबले. "मग दोन साज का नाही आलात?"

"आलो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, फुलांसाठी आलो. मलाही खात्री नव्हती. म्हटलं, थोडं थांबून बघावं, फुलं तर मिळाली, आता यावंसं वाटतं का." त्यानं टोपी काढली आणि हातात फिरवली. "ऑगस्टात वाटलं. नाताळाला वाटलं. आज सकाळी उठलो तेव्हाही वाटत होतं. आज मला इथं विचारायचं असं काहीच नाही, दोन्या देल्फिना. तरी आलो."

तिला अतोनात आनंद झाला. तो लपवायचं तिनं मनात आणलं नाही. पिठाच्या हातांनीच तिनं डोळे पुसले आणि गालभर पीठ माखून घेतलं. आन्सेल्मो दारातच उभा राहून ते बघत होता. तिला असं समोरून, उजेडात, कामाशिवाय बघत राहण्याचा हा त्याचा पहिलाच प्रसंग होता, आणि त्याला घाई नव्हती.

"आत या आणि दार लावा," ती म्हणाली. "पीठ गारठतंय."